कुरिए आणि कुरिएल

फ्रेंच भाषेत ‘कुरिए’ म्हणजे पोस्टमन आणून देतो ते टपाल आणि ‘कुरिएल’ म्हणजे संगणकावर येते ती ईमेल. रोमन लिपीत हे दोन शब्द शेजारी लिहिले तर त्यांच्यात फरक दिसतो तो शेवटच्या एकाच अक्षराचा: पहिल्याच्या अखेरीस आर आहे, दुसऱ्याच्या अखेरीस एल. फ्रेंच ग्राहकांच्या ईमेलचा इंग्रजी अनुवाद करण्याचे काम मी ज्या वर्षी हाती घेतले, त्याच वर्षी या शब्दांपाशी माझ्या हातून एक चूक झाली, आणि तिथून पुढे मी हे काम वेगळ्या पद्धतीने करू लागले.

ल्यों शहराजवळच्या एका लहान व्यावसायिकाने हिशेबाचे सॉफ्टवेअर वर्षाच्या कराराने घेतले होते. त्याचे म्हणणे अगदी साधे होते: ‘आमच्या ३ मार्चच्या कुरिएत कळवल्याप्रमाणे आम्हाला कराराचे नूतनीकरण करायचे नाही.’ मी इंग्रजीत ‘मेल’ हा शब्द लिहिला. कोशाप्रमाणे तो चूक नव्हता, कारण इंग्रजीत मेल म्हणजे टपालही होते. परंतु तो अनुवाद वाचणारी मदतकक्षातली माणसे सकाळपासून संध्याकाळपर्यंत ईमेलच वाचत असल्यामुळे त्यांनी त्याचा एकच अर्थ घेतला. त्यांनी ३ मार्चच्या आगेमागे आलेल्या सगळ्या ईमेल तपासल्या, स्पॅमचा कप्पाही धुंडाळला आणि तुमची अशी कोणतीही मेल आम्हाला मिळालेली नाही, असे उत्तर धाडले. मधल्या काळात नूतनीकरणाची तारीख उलटली आणि ग्राहकाच्या नावे पुढच्या वर्षाचे बिल निघाले.

त्यावर त्याची जी ईमेल आली तिच्यात ‘आक्युझे द रेसेप्सियों सोबत जोडले आहे’ असे वाक्य होते. हा शब्दप्रयोगही दुहेरी आहे. ईमेलच्या संदर्भात त्याचा अर्थ संदेश पोहोचल्याची वा वाचल्याची आपोआप येणारी पोच असा होतो आणि टपालाच्या संदर्भात रजिस्टर पत्राची पोचपावती असा. सोबतचे चित्र उघडून पाहिले तेव्हा त्यावर टपालखात्याचा शिक्का आणि पत्र घेणाऱ्याची सही होती. पत्र कागदाचे होते, ते कंपनीच्या फ्रान्समधल्या कार्यालयात वेळेवर पोहोचले होते आणि कुणाच्या तरी टेबलावर पडून राहिले होते. पुढे बिल रद्द झाले, ग्राहकाची माफीही मागितली गेली. पण तो माणूस खरे बोलत असताना तीन आठवडे खोटा ठरला होता, आणि त्यात माझ्या एका शब्दाचा वाटा होता, याचे मला आजही वाईट वाटते.

मी फ्रेंच शिकले ते पुण्यात, फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये. तिथे व्याकरण पक्के करून घेतले गेले, कविता शिकवल्या गेल्या, निबंध लिहवून घेतले गेले. संगणकाचे फ्रेंच मात्र मी लोकांच्या ईमेल वाचत वाचतच शिकले. या कामाबद्दल ऐकले की बहुतेकांची समजूत अशी असते की, संगणकाची परिभाषा मुळात इंग्रजीतच जन्मली असल्याने फ्रेंचमधून इंग्रजीत आणणे म्हणजे शेजारी उसने नेलेले भांडे परत आणण्यासारखे सोपे असणार. मीही सुरुवातीला तसेच धरून चालले होते. परंतु आपल्याकडे शेजारणीचे भांडे रिकामे परत करत नाहीत, आणि फ्रेंचांनीही ही भांडी रिकामी ठेवलेली नाहीत. प्रत्येक शब्द घडवताना त्यांनी त्यात आपले काहीतरी घातले आहे, आणि झाकण उघडून न पाहता भांडे फळीवर ठेवून दिले की माझ्यासारखी चूक होते.

संगणकाला फ्रेंचमध्ये ‘ऑर्दिनातर’ म्हणतात. १९५५ साली आयबीएमच्या फ्रेंच शाखेला आपल्या नव्या यंत्रासाठी फ्रेंच नाव हवे होते आणि त्यासाठी पॅरिसच्या सॉर्बन विद्यापीठातले लॅटिनचे प्राध्यापक जाक पेरे यांचा सल्ला घेण्यात आला. १६ एप्रिल १९५५ च्या पत्रात पेरे यांनी ‘ऑर्दिनातर’ सुचवला आणि हा शब्द लित्रेच्या कोशात, जगात सुव्यवस्था लावणारा या अर्थाने, ईश्वराचे विशेषण म्हणून आढळतो, हेही नमूद केले. धार्मिक अर्थाशी गल्लत होऊ नये म्हणून त्यांचा स्वतःचा कल स्त्रीलिंगी ‘ऑर्दिनात्रिस’कडे होता, कंपनीने मात्र पुल्लिंगी रूप निवडले. त्यावर आपला हक्क राखण्याची कंपनीची इच्छा होती, पण शब्द थोड्याच काळात सगळ्यांच्या तोंडी बसला आणि सर्वांचा झाला. इंग्रजी कॉम्प्युटर हा मोजणारा आहे. मराठीनेही ‘संगणक’ घडवताना गण् धातू घेऊन मोजण्याचीच बाजू धरली. फ्रेंच यंत्र मात्र मोजत नाही, ते सगळे जागच्या जागी लावते. अनुवादात ‘ऑर्दिनातर’ला ‘कॉम्प्युटर’ असेच लिहावे लागते आणि त्यात कुणाचे काही अडत नाही. तरीही दर वेळी तो शब्द लिहिताना मला पेरे यांचे ते पत्र आठवते.

‘अँफॉरमातिक’ या शब्दापाशी मात्र अडते. माहिती आणि स्वयंचलन या अर्थांचे दोन शब्द जोडून फिलिप द्रेफ्यूस यांनी १९६२ मध्ये तो घडवला. विद्यापीठात शिकवला जाणारा विषय म्हणजे अँफॉरमातिक, कार्यालयातला संगणकविभाग म्हणजे अँफॉरमातिक, आणि ‘माझी अँफॉरमातिक सकाळपासून बंद आहे’ असे एखादा दुकानदार लिहितो तेव्हा त्याला आपले सगळे यंत्र, जाळे आणि बिलाचा प्रोग्राम मिळून म्हणायचे असते. इंग्रजीत या तीन ठिकाणी तीन वेगळे शब्द लागतात, म्हणजे लिहिणारा नेमका कोण आहे हे ठरवल्याशिवाय अनुवादच करता येत नाही.

सॉफ्टवेअरसाठी ‘लोजिसिएल’ हा शब्द १९७० च्या आसपास रूढ होऊ लागला. हार्डवेअरला फ्रेंचमध्ये ‘मातेरिएल’ म्हणतात. त्याच्या जोडीने तर्क या अर्थाच्या शब्दाला तसेच शेपूट लावून तो बनवला गेला. पुढे या शेपटाला किती पालवी फुटली पाहा: विक्रीचे तयार सॉफ्टवेअर म्हणजे ‘प्रोजिसिएल’, शिकवणारे ते ‘दिदाक्तिसिएल’, फुकट मिळणारे ते ‘ग्रात्विसिएल’. फ्रेंचमध्ये एक लोजिसिएल, दोन लोजिसिएल असे मोजता येते. इंग्रजीत सॉफ्टवेअर हा दुधासारखा, पाण्यासारखा न मोजता येणारा शब्द आहे. मराठी माणूस ‘दोन सॉफ्टवेअर’ सहज म्हणतो, तेव्हा तो याबाबतीत फ्रेंचांच्या बाजूचा असतो. म्हणूनच इंग्रजीत अनेकवचनी रूप लिहिण्याचा मोह मला कितीतरी वर्षे आवरावा लागला.

हे शब्द असे आपोआप उगवलेले नाहीत. फ्रान्समध्ये १९७२ पासून निरनिराळ्या मंत्रालयांच्या परिभाषा समित्या काम करू लागल्या आणि त्यांनी ठरवलेले शब्द राजपत्रात प्रसिद्ध होऊ लागले. ४ ऑगस्ट १९९४ च्या कायद्याने वस्तूसोबतची माहितीपत्रके आणि कर्मचाऱ्याला कामासाठी लागणारे दस्तऐवज फ्रेंचमध्ये असणे बंधनकारक केले. तो कागदावरच राहिला असेही नाही: एका अमेरिकी कंपनीच्या फ्रेंच शाखेने कर्मचाऱ्यांना सॉफ्टवेअर आणि त्याची कागदपत्रे फक्त इंग्रजीत दिल्याबद्दल २००६ मध्ये व्हर्सायच्या अपील न्यायालयाने तिला पाच लाख युरोंहून अधिक रकमेचा फटका दिला. भाषा संचालनालयाच्या परिभाषाकोशांवर वाढलेल्या आणि त्यातले अनेक शब्द कार्यालयाबाहेर कधीही न ऐकलेल्या माझ्यासारख्या मराठी वाचकाला या गोष्टीचे फार अप्रूप वाटते.

तरी सरकारने ठरवले आणि लोकांनी उचलले असे तिथेही दर वेळी होत नाही. ‘कुरिएल’ हा शब्द मुळात फ्रान्सचा नव्हेच; तो कॅनडातल्या केबेक प्रांतात घडला. चहूकडून इंग्रजीने वेढलेल्या त्या प्रांतात फ्रेंच भाषेचे एक स्वतंत्र सरकारी कार्यालय आहे आणि १९७७ चा भाषेचा कायदाही. ‘कुरिए’ आणि ‘इलेक्त्रॉनिक’ यांचा सांधा जुळवून केलेला हा शब्द केबेकमध्ये खरोखर रुळला. फ्रान्सच्या सरकारने आधी १९९७ मध्ये पत्त्यापुढे लिहिण्यासाठी ‘मेल’ असे फ्रेंच वळणाचे संक्षिप्त रूप सुचवले होते, फोनसाठी ‘तेल’ लिहितात त्या धर्तीवर, आणि नंतर २० जून २००३ च्या राजपत्रात केबेकचा ‘कुरिएल’ स्वीकारला. सर्वसामान्य फ्रेंच माणूस मात्र आजही थेट इंग्रजीतून उचललेला ‘अँ मेल’ हाच शब्द वापरतो. आपल्याकडेही काही हौशी मंडळींनी ईमेलसाठी ‘विरोप’ असा सुरेख शब्द काढला होता, ‘निरोप’ कानात ठेवून. मला तो मनापासून आवडतो, पण माझ्या आईला मी अजून ‘ईमेल केली’ असेच सांगते.

अनुवादकाला या फरकाचा एक उपयोग होतो. स्पॅमला ‘पुरिएल’ म्हणणारा, गप्पांना ‘क्लाव्हार्दाज’ म्हणणारा माणूस बहुधा केबेकमधल्या मॉन्ट्रियलकडचा असतो. ‘पुरिएल’मध्ये कचऱ्याचा डबा आणि ईमेल एकत्र आले आहेत, तर ‘क्लाव्हार्दाज’मध्ये कीबोर्ड आणि बडबड. इंग्रजीत आणताना हे दोन्ही शब्द ‘स्पॅम’ आणि ‘चॅट’ होतात आणि त्यांचा सगळा रस मागे राहतो. फसवणुकीच्या ईमेलसाठी फ्रेंचमध्ये ‘आमसोनाज’, म्हणजे गळ टाकणे, असा शब्द आहे आणि इंग्रजी ‘फिशिंग’मध्येही मासेमारीच आहे. तिथे मात्र काहीच गमवावे लागत नाही, मासा दोन्हीकडे तोच आहे.

माणूस कुठला आहे हे कळण्यावर कधी कधी सगळा अर्थ अवलंबून असतो. ‘तेलेशार्जे’ या क्रियापदाचे उदाहरण घ्या. फ्रान्समध्ये ते फाइल उतरवून घेण्यासाठीही वापरतात आणि वर चढवण्यासाठीही. केबेकमध्ये चढवण्यासाठी ‘तेलेव्हर्से’ असे वेगळे क्रियापद केले गेले आणि ते आता फ्रान्समध्येही दिसू लागले आहे. त्यामुळे मॉन्ट्रियलच्या माणसाने ‘तेलेशार्जे’ लिहिले तर तो डाऊनलोडबद्दल बोलतो आहे असे पुष्कळसे खात्रीने धरता येते. पण पॅरिसच्या माणसाने ‘साइटवर फाइल तेलेशार्जे होत नाही’ असे लिहिले की मी थांबते. त्याला फाइल मिळत नाही की देता येत नाही? मराठीतही ‘फाइल टाकली’ म्हटल्यावर कुठून कुठे असे विचारावे लागते, तसेच हे आहे. अशा वेळी मी वाक्याच्या मागेपुढे जाऊन पाहते. फाइल त्याच्या यंत्रावर आधीपासून असल्याचा उल्लेख असेल, आकाराची मर्यादा ओलांडल्याचा संदेश त्याने उद्धृत केला असेल, तर ती चढवायची आहे. काहीच नसेल तर विचारते.

आकाराचीही एक गंमत आहे. फ्रेंच माणूस ‘२० एमओ’ लिहितो तेव्हा त्याचा अर्थ इंग्रजीतले २० एमबी असा होतो, कारण बाइटला फ्रेंचमध्ये ‘ऑक्ते’, म्हणजे आठांचा गट, म्हणतात. बाइट म्हणजे नेमके आठ बिट हे जुन्या काळच्या सगळ्या यंत्रांबाबत खरे नव्हते. ऑक्ते मात्र नावातच आठ आकडा सांगतो, म्हणून इंटरनेटची मानके लिहिणाऱ्या इंग्रजी तज्ज्ञांनीही तिथे बाइट सोडून ऑक्टेटच वापरला. सामान्य ग्राहकाच्या ईमेलमध्ये मी बाइट लिहिते, नेटवर्कच्या तांत्रिक दस्तऐवजात ऑक्टेट तसाच ठेवते. त्यातच फ्रेंच लोक दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम देतात. घाईत तो तसाच राहिला तर अडीच जीबीचे पंचवीस होऊ शकतात.

ईमेलचे पत्ते फोनवर सांगताना फ्रेंच माणूस ‘सहावरची आडवी रेघ’ किंवा ‘आठवरची आडवी रेघ’ असे म्हणतो. ही भाषा प्रथम ऐकली तेव्हा मला काही उमगले नाही. त्यांच्या कीबोर्डवर सहाच्या बटणावर संयोगचिन्ह असते आणि आठच्या बटणावर खालची रेघ, म्हणून ही नावे. इंग्रजी कीबोर्डवर या आकड्यांशी त्या रेघांचा काहीच संबंध नाही, त्यामुळे अनुवादात आकडा पुसून चिन्हाचे नाव लिहावे लागते. तक्रारीच्या नोंदीत कुणी ते शब्दशः उतरवले आणि पत्त्यात खरोखरच सहा हा आकडा घुसला, असे मी एकदा पाहिले आहे.

‘पोलिस’ म्हणजे फाँट, ‘ग्रा’ म्हणजे ठळक अक्षर, पण शब्दशः चरबी. यंत्र हळू चालू लागले की ‘सा राम’, म्हणजे वल्ही मारत कसेबसे पुढे जाते आहे. अशा शब्दांची मला भीती वाटत नाही. त्यांचा शब्दशः अनुवाद इतका विचित्र दिसतो की वाचणारा स्वतःच थबकतो. खरा धोका असतो तो चुकीचा असूनही अगदी सुरळीत वाचता येणाऱ्या वाक्याचा. ‘एव्हाँत्युएल’ म्हणजे संभाव्य, झालाच तर होणारा. त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या इंग्रजी शब्दाचा अर्थ अखेरीस होणारच असा आहे. ‘सर्व्हर बंद पडण्याची वेळ आलीच तर काय करावे’ असे ग्राहकाने काळजीपोटी विचारलेले असते, आणि नवखा अनुवादक ‘सर्व्हर शेवटी बंद पडेल तेव्हा’ असे लिहून मोकळा होतो. ‘दमाँदे’ म्हणजे साधे विचारणे किंवा विनंती करणे. पण त्याच्यासारखाच दिसणारा इंग्रजी ‘डिमांड’ लिहिला की अदबीने लिहिणारी बाई दरडावत असल्यासारखी वाटते. ‘मेर्सी’ म्हणजे आभार, पण ‘मेर्सी द’ने सुरू होणाऱ्या वाक्यात पुष्कळदा आभार नसून विनंती असते: ‘मला फोन केल्याबद्दल आभारी आहे’ असे इंग्रजीत वाचून मदतकक्षाने तक्रार मिटल्याची नोंद करावी आणि तिकडे माणूस फोनची वाट पाहत बसावा, असे सहज घडू शकते.

ईमेलच्या चौकटीतले शब्द मला त्या मानाने घरचे वाटतात. विषयाच्या रकान्याला तिथे ‘ऑब्जे’ म्हणतात, आणि आपण शाळेत अर्जाच्या वर ‘विषय’ लिहायला शिकलो तसाच तो कार्यालयीन पत्रातून आलेला आहे. इंग्रजीतल्या दोन ‘सी’ अक्षरांत कार्बन पेपरची प्रत दडलेली आहे. फ्रेंचांनी अक्षरे तीच ठेवून ती ‘कोपी काँफॉर्म’, म्हणजे मूळाबरहुकूम प्रत, अशी वाचली. हाच शब्द सरकारी कागदांत साक्षांकित प्रतीसाठीही येतो, तेव्हा ‘कोपी काँफॉर्म पाठवा’ म्हणजे मलाही ईमेलची प्रत पाठवा की शिक्का मारलेली प्रत पाठवा, हे तपासावे लागते. आपल्या कार्यालयांतला ‘प्रत माहितीसाठी’ हा शेरा दोघांपेक्षा स्पष्ट आहे, कारण प्रत कशासाठी धाडली हे तो सांगून टाकतो.

सर्वांत अवघड वाटते ते पत्राचा शेवट करणे. वयस्कर फ्रेंच माणसे ईमेलच्या अखेरीसही ‘महोदय, माझ्या विशेष आदरभावनांचा आपण स्वीकार करावा अशी माझी प्रार्थना आहे’ अशा अर्थाचे लांबलचक वाक्य लिहितात. संगणक चालत नाही, दोन वेळा लिहूनही उत्तर आलेले नाही, मन वैतागलेले आहे, आणि तरीही हे वाक्य आपल्या जागी असते. इंग्रजीत त्याचे एका शब्दाचे ‘रिगार्ड्‌स’ होते आणि व्यवहारात तेच योग्यही आहे. पण ‘कळावे, लोभ असावा, ही विनंती’ अशा शेवटाची पत्रे ज्या घरात आली आहेत, तिथल्या माणसाला त्या एका शब्दाने कसे समाधान वाटावे? म्हणून पत्राचा शेवट असा विस्तारलेला असेल तर मी अनुवादाच्या वर कंसात एक टीप लिहिते की, ग्राहक वयाने मोठे असावेत आणि त्यांची भाषा अतिशय सभ्य आहे, कृपया उत्तरही तशाच सभ्य शब्दांत द्यावे. या टिपेचे मला वेगळे पैसे मिळत नाहीत. पण उत्तरे पाहते तेव्हा त्यांत ‘डिअर’नंतर नुसते पहिले नाव न येता आडनावासह संबोधन आलेले असते.

३ मार्चच्या त्या पत्रानंतर मी एक वही केली, तिच्या पहिल्या पानावर ‘कुरिए’ हा शब्द लिहिला आणि समोर लाल शाईने ‘कागद’ असे लिहिले. कित्येक वर्षे मी त्या शब्दाचे न चुकता ‘पोस्टाने पाठवलेले पत्र’ असेच भाषांतर करत आले. गेल्या महिन्यात पॅरिसच्या एका ग्राहकाने पुन्हा तसेच लिहिले: ‘माझ्या मागच्या आठवड्यातल्या कुरिएला उत्तर मिळाले नाही.’ वहीप्रमाणे तो कागद होता. पण वाक्यात वापरलेले क्रियापद मला खटकले आणि अनुवाद बाजूला ठेवून मी एजन्सीमार्फत ग्राहकाला विचारायला सांगितले की, हे पत्र आपण पोस्टाने पाठवले होते का. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आले, तीनच शब्दांचे: ‘पार मेल, एव्हिदामाँ.’ अर्थातच ईमेलने. तेव्हा वहीतल्या ‘कागद’ या शब्दापुढे मी एक प्रश्नचिन्ह काढले, अनुवादात ‘ईमेल’ लिहिले आणि फाइल पाठवून दिली.